सायकलीचें चाक आणि हवा

वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराचा खरा प्रतिस्पर्धी रस्ता नसून हवा होय. वेग दुप्पट झाला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति आठपट होते. ताशी 20 किलोमीटर वेगाला सौम्य वाटणारा हाच विरोध 40 किलोमीटरला बहुतेक श्रम गिळून टाकतो. म्हणूनच शर्यतीच्या चाकांच्या रिमा 40 ते 60 मिलिमीटर खोल करतात. टायरवरून आलेली हवा अशा रिमेला लगटून जाते. मागें भोवरे कमी पडतात, आणि आखूड झालेले आरे हवा कमी घुसळतात.

हा लाभ मुख्यत्वें आकाराचा असतो, किंमतीचा नव्हे. कार्बन तंतूंची रिम हलकी, पण महाग. तशाच आकाराची ॲल्युमिनियमची रिम सपाट रस्त्यावर जवळजवळ तितकेंच काम देते, मात्र ती जड असते. शिवाय हवेला सर्वांत मोठा अडसर स्वाराच्या शरीराचाच. कोपरें वाकवून पाठ सपाट ठेवण्यास पैसा पडत नाहीं. खोल रिमेचा एक दोषहि ध्यानांत असावा: आडवा वारा पुढील चाक एकाएकीं बाजूला ढकलतो.

हवा चाकाच्या आंतहि असते. 1888 सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवाभरल्या टायरचें पेटंट घेतलें; त्यांत कापडी आवरणाखालीं रबरी नळी होती. ट्यूबलेस टायरांत ही नळीच नसते. आऱ्यांचीं छिद्रें चिकटपट्टीनें बंद करतात, टायरची कड रिमेवर घट्ट बसवतात व आंत रबरी चिकाचा द्रव ओततात. काटा रुतला कीं बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर चीक छिद्राकडे धांवतो आणि तेथेंच गोठतो. नळी चिमटण्याचें भय नसल्यानें दाब थोडा कमी ठेवतां येतो, आणि खडबडीत रस्त्यावरील हादरे सौम्य होतात. मात्र चीक कांहीं महिन्यांत सुकतो. तो पुन्हां भरावा लागतो. मोठी चीर त्यानें बुजत नाहीं. म्हणून प्रवासांत एक ट्यूब जवळ ठेवावी.

स्वस्त चाकें घेतांना एक गोष्ट मात्र विसरूं नये. कांहीं नव्या रिमांच्या कडेला टायर अडकवणारी आकडी नसते. युरोपीय टायर व रिम तांत्रिक संघटनेच्या मानकानुसार अशा रिमेंत 5 बारपेक्षां, म्हणजे दर चौरस इंचाला सुमारें 72 पौंडांपेक्षां, अधिक दाब भरावयाचा नसतो, आणि टायरहि अशा रिमेसाठीं योग्य असल्याचें निर्मात्यानें सांगितलेलें असावें लागतें. मर्यादा ओलांडल्यास टायर धांवत्या चाकावरून निसटूं शकतो. रिमेवर एक व टायरवर दुसरा आंकडा असेल, तर लहान आंकडाच खरा मानावा. वेगांत वाचलेल्या कांहीं क्षणांपेक्षां ही दक्षता अधिक मोलाची आहे.