क्लब पेंग्विन : मुलांसाठी राखलेले बेट

क्लब पेंग्विन हा मुलांचा ऑनलाइन खेळ कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या केलोना शहरात तयार झाला आणि २४ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वांसाठी खुला झाला. लेन मेरीफिल्ड, लान्स प्रीबी आणि डेव्ह क्रिस्को हे त्याचे कर्ते. प्रीबी यांनी त्याआधी ‘एक्सपेरिमेंटल पेंग्विन्स’ आणि ‘पेंग्विन चॅट’ असे दोन प्रयोग करून पाहिले होते. खेळ वेगळा डाउनलोड करावा लागत नसे. फ्लॅश हे सॉफ्टवेअर चालणारा ब्राउझर असला की पुरे.

खेळणारे मूल पेंग्विन होई, रंग आणि नाव निवडी आणि बर्फाळ बेटावर हिंडू लागे. बेटावर पिझ्झाचे दुकान होते, दीपगृह होते, निन्जांचा आखाडाही होता. एकदा जिंकले की खेळ संपला, असा प्रकार नव्हता. नाणी कमवायला छोटे छोटे खेळ असत. कॉफीच्या दुकानात ट्रकमधून फेकलेली पोती झेलून रचायची. मधूनच ऐरण, मासा नाहीतर फुलांची कुंडी अंगावर येई आणि हातात पोती जास्त झाली की पेंग्विन भुईसपाट. कमावलेल्या नाण्यांतून कपडे, इग्लूतले सामान आणि ‘पफल’ नावाचे गुबगुबीत पाळीव प्राणी घेता येत.

खरी मेख इथेच होती. नाणी सगळेच कमवत, पण बहुतेक कपडे आणि सामान घेण्याची मुभा वर्गणी भरणाऱ्यांनाच होती. अमेरिकेत ही वर्गणी महिन्याला सुमारे सहा डॉलर होती. फुकट्या खेळाडूकडे पैसा साठे आणि दुकानातल्या वस्तू नुसत्या बघाव्या लागत. पुढचा हट्ट अर्थातच आईबाबांकडे. बाहेरच्या जाहिराती खेळात नव्हत्या याचे कौतुक झाले, ते रास्तच. तरीही हा व्यवहार वाटतो तितका भाबडा नव्हता.

पालक पैसे भरत त्यामागचे मोठे कारण सुरक्षितता हे होते. खाते उघडताना पालकांचा ईमेल द्यावा लागे. बोलण्याचे दोन प्रकार होते : एकात तयार वाक्यांच्या यादीतूनच निवड करायची, दुसऱ्यात स्वतः टाइप करता येई, पण प्रत्येक ओळ चाळणीतून जाई. शिवी किंवा फोन नंबर पुढे जात नसे. कित्येकदा अडवलेला मजकूर लिहिणाऱ्यालाच दिसे, इतरांना नाही. त्यामुळे आपल्याला अडवले आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे. शिवाय माणसे नेमून देखरेख चाले आणि नियम मोडणाऱ्याला काही काळ किंवा कायमचे बाहेर काढले जाई. इतक्या बंधनांतही मुलांनी आपल्या दंतकथा रचल्याच. पुष्कळ पेंग्विन हिमनगाच्या एकाच कडेला जमून नाचले तर तो उलटतो, ही त्यांतली सर्वांत गाजलेली. डोक्यावर फक्त हेल्मेट घालून नाचले की पेंग्विनच्या हाती ड्रिल येई, म्हणून घोळकेच्या घोळके बर्फ फोडत बसत.

ऑगस्ट २००७ मध्ये डिस्नेने हा खेळ ३५ कोटी डॉलरला विकत घेतला. त्या वेळी वर्गणीदार सुमारे सात लाख होते. ठरलेला नफा झाला तर आणखी ३५ कोटी द्यायचे होते, पण ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. पुढे नोंदणी झालेल्या खात्यांची संख्या २० कोटींवर गेली. खेळ फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीजसारख्या भाषांत आला. भारतीय भाषांत मात्र कधीच नाही. मुले मोबाइलकडे वळली, आणि संगणकाच्या ब्राउझरसाठी घडवलेल्या या बेटावरची वर्दळ ओसरली. अखेरच्या महिन्यांत कंपनीने तो हिमनग खरोखरच उलटवून दाखवला आणि मार्च २०१७ च्या अखेरीस खेळ बंद केला. त्याच्या जागी आणलेला ‘क्लब पेंग्विन आयलंड’ हा मोबाइलवरचा खेळ पुढच्याच वर्षी गुंडाळावा लागला.

चाहत्यांनी मग परवानगीशिवाय नकला उभारल्या. त्यांतली ‘क्लब पेंग्विन रिरिटन’ सर्वांत मोठी. एप्रिल २०२२ मध्ये ती बंद पडली. या प्रकरणी सिटी ऑफ लंडन पोलिसांनी तिघांना अटक केली. मूळ खेळ ज्या फ्लॅशवर उभा होता, त्याची साथ अडोबीने २०२० च्या अखेरीस काढून घेतली.