बार्ट्रमच्या बागेतील भाजीचे वाफे
अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जॉन बार्ट्रम या स्वयंशिक्षित वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२८ मध्ये नदीकाठची जमीन घेऊन उभारलेली बाग १८९१ मध्ये शहराच्या ताब्यात आली आणि वारसास्थळ म्हणून जपली गेली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिच्याच आवारात ‘सांकोफा’ ही सामुदायिक शेती, म्हणजे वस्तीतील लोकांच्या सहभागाने चालणारी शेती, सुरू झाली. परिसरात कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी असल्याने तेथे भेंडी, तसेच कॅरिबियन स्वयंपाकातील कॅललू, म्हणजे मराठी घरांतील माठाच्या कुळातली पालेभाजी, आवर्जून लावली जाते. शाळकरी मुले मानधन घेऊन वाफे खुरपतात, भाजी विकतात आणि आपल्या पूर्वजांचा शेतीशी असलेला, गुलामगिरीहूनही जुना संबंध समजून घेतात. हा शेवटचा धडा कोणत्याही माहितीफलकाने साधला नसता. मात्र शहरी मातीत जुन्या रंगांतले शिसे मुरलेले असू शकते, म्हणून अशा ठिकाणी पेरणीपूर्वी माती तपासणे भागच असते. पुरातत्त्वीय अवशेष असतील, तर खोल खणताही येत नाही. ही पथ्ये पाळायला जाणकारी लागते, पण शेती चालते ती वस्तीच्या सहभागावर. त्यामुळे अशा शेतीचा प्रमुख निवडताना पिकांच्या जाणकारीइतकेच शेजाऱ्यांचा विश्वास मिळवण्याचे कसबही पाहिले पाहिजे.