शून्ये वगळली की जागा वाचतेच?

‘अ‍ॅरेत शून्येच जास्त आहेत ना? मग स्पार्स करून टाक, मेमरी वाचेल.’ अ‍ॅरे-भाषा शिकणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. देणारा हिशेब करत नाही आणि घेणाराही करत नाही.

केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांची १९९०ची ‘जे’ भाषा घ्या. तिच्यात ‘$.’ लावले की साधा अ‍ॅरे स्पार्स होतो. शून्ये गळतात, उरलेल्या किमतींची एक यादी राहते आणि त्यांच्या पत्त्यांची दुसरी. गोम आहे ती पत्त्यांत. ६४ बिटांच्या आवृत्तीत दशांश संख्येला ८ बाइट लागतात, पण मॅट्रिक्समधल्या तिच्या पत्त्याला ओळ आणि स्तंभ मिळून १६. एकूण २४! म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घरे भरलेली असतील, तर स्पार्स रूपच अधिक जागा खाते. १००० × १०००च्या साध्या मॅट्रिक्सला ८० लाख बाइट पुरतात. निम्मी घरे भरलेली असताना तीच स्पार्स केली, तर सुमारे १ कोटी २० लाख. बूलियनचा तोटा आणखी मोठा. ‘जे’त ० किंवा १ एका बाइटात मावतो, पत्ता मात्र १६ बाइटांचाच. तिथे सतरा घरांमागे एकाहून जास्त १ असले की संपलेच. ‘जास्त शून्ये’ म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय असा सल्ला कुणी देऊच नये.

गणित पुढे सरकले की विरळपणाही टिकेलच असे नाही. कर्णावर २ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना −१ असलेली १०,००० ओळींची मॅट्रिक्स घेतली, तर तिच्यात शून्येतर संख्या जेमतेम २९,९९८. तिचा व्यस्त काढा: दहा कोटी घरांत एकही शून्य नाही.

वगळलेली किंमत शून्यच असते, हेही खरे नाही. ‘जे’त स्पार्स अ‍ॅरेत १ मिळवला की वगळायची किंमतच १ होते आणि अ‍ॅरे स्पार्स राहतो, मॅटलॅबमध्ये तीच बेरीज पूर्ण भरलेली मॅट्रिक्स देते.

आकडेमोडीत नव्याने झालेली शून्ये आपोआप गळतात? त्यासाठी ‘जे’त ‘$.’च्या डावीकडे ८ देऊन वेगळी सफाई करावी लागते.

आणि प्रत्येक क्रिया स्पार्सवर चालते, हा तर निव्वळ भ्रम. अक्षरांचे आणि बॉक्स केलेले स्पार्स अ‍ॅरे अजून केलेले नाहीत, असे ‘जे’चा अधिकृत शब्दकोशच सांगतो. आधार नसलेली क्रिया वापरली की ‘नॉन्स एरर’ येते. तिचा अर्थ इतकाच, की ही सोय तूर्तास नाही.