खालीं दुकान, वर बिऱ्हाड

मुंबईच्या भेंडीबाजारांत ही राहणी पिढ्यान् पिढ्यांची. दुपारीं सज्ज्यांतून हाक यावी आणि दुकानदारानें जिना चढून जेवावयास जावें. परंतु इमारती जीर्ण झाल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं तेथील हुसैनी इमारत कोसळून तीसांहून अधिक माणसें दगावलीं. पुनर्रचनेची योजना तर २००९ सालींच पुढें आलेली होती!

सुमारें साडेसोळा एकरांतील अडीचशें जुन्या इमारतींच्या जागीं उंच मनोरे बांधावे, खालीं दुकानें आणि वर घरें असावीं, हा सैफी बुऱ्हाणी ट्रस्टचा बेत. सुमारें ३,२०० कुटुंबें व १,२५० दुकानें यांचा हा प्रश्न आहे. भाडेकरूस निदान ३५० चौरस फुटांचें घर मालकीनें मिळावयाचें. खर्चाचा भार कांहीं अंशीं विक्रीच्या जागांवर.

बेत आम्हांस पटतो. बांधकाम होईपर्यंत कुटुंब दुसरीकडे दिवस काढील. गिऱ्हाईक मात्र थांबत नाहीं. रस्त्यावरच्या दुकानाच्या बदल्यांत वरच्या मजल्यावरचा गाळा मिळाला, तर जाणाऱ्यायेणाऱ्याची नजर त्यावर पडावी कशी?

आणि ३५० फुटांत सासूसासरे व दोन सुनांचे संसार कसे मावतात, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. आजवर ती अडचण सज्ज्यानें झांकली. मुलांचा अभ्यास तेथें, धान्य निवडणें तेथें, उन्हाळ्यांत अंथरूणही तेथेंच. नकाशा पाहतांना मनोऱ्याचे मजले मोजण्याआधीं ही सामाईक जागा कोठें आहे, तें विचारावें.