नौदलीय बंदरसेवा कंत्राटे
परदेशी बंदरास भेट देणाऱ्या युद्धनौकांना लागणाऱ्या सेवा स्थानिक व्यापारी अभिकर्त्यामार्फत मिळविण्यासाठी नौदलाने केलेले करार. टगबोटी, मार्गदर्शक, धक्क्याची जागा, गोडे पाणी, इंधन, ताजे अन्नपदार्थ, सांडपाणी व कचरा यांची विल्हेवाट आणि पहारा या सेवांचा त्यांत समावेश होतो. एडन बंदरात इंधन घेत असलेल्या अमेरिकेच्या ‘कोल’ या विनाशिकेवर १२ ऑक्टोबर २००० रोजी स्फोटकांनी भरलेल्या होडीने हल्ला होऊन १७ नाविक मृत्यू पावले. त्यानंतर संरक्षक सेवांचे महत्त्व व खर्च वाढला.

पूर्वीच्या पद्धतीत मागणी नोंदविणे, सेवा स्वीकारणे व देयक चुकते करणे ही तिन्ही कामे नौकेवरच होत. मुक्काम थोड्या दिवसांचा असल्याने उपसलेल्या सांडपाण्यासारख्या बाबींचे मोजमाप पडताळणे अवघड जाई. ज्या बाबींचे दर करारात नसत, त्यांचे दर अभिकर्ता ऐनवेळी सांगे. अमेरिकेच्या सातव्या आरमाराला सेवा पुरविणाऱ्या ग्लेन डिफेन्स मरीन एशिया या कंपनीचा प्रमुख लेनर्ड ग्लेन फ्रान्सिस यास २०१३ मध्ये अटक झाली. लाचलुचपत व कोट्यवधी डॉलरांची जादा आकारणी यांचा गुन्हा त्याने २०१५ मध्ये कबूल केला. लाचेच्या मोबदल्यात त्याला नौकांची गुप्त वेळापत्रके मिळत. त्यामुळे हानी केवळ पैशांची नव्हती. २०२४ मध्ये त्यास १५ वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणानंतर अमेरिकी नौदलाने ही कामे विभागली. नौकेने गरज कळवावी व मिळालेल्या सेवेची नोंद करावी. खरेदीचा आदेश व देयकाचे प्रदान किनाऱ्यावरील कार्यालयांनी करावे, असे ठरले. अनेक पात्र कंपन्यांशी करार करून त्यांच्यात स्पर्धा ठेवण्यावरही भर देण्यात आला.

या सुधारणांना मर्यादा आहेत. लहान बंदरात टगबोटींचा मालक एकच असल्यास स्पर्धा नाममात्र राहते. अनेकांकडून दर मागविल्यास नौकेच्या आगमनाची वार्ताही तितक्यांना कळते. तथापि केवळ खटल्यांवर विसंबता येत नाही. याच प्रकरणातील चार अधिकाऱ्यांची गंभीर गुन्ह्यांतील दोषसिद्धी अभियोगपक्षाच्या गैरवर्तनामुळे २०२३ मध्ये रद्द झाली. म्हणून गैरव्यवहाराची संधीच कमी करणारी करारपद्धती अधिक भरवशाची ठरते.