बॉबकॅटच्या केबिनमधला आवाज

मेट्रोच्या खांबाखाली, इमारतीच्या तळघरात, गल्लीतल्या खोदकामावर माती आणि डबर उचलणारं एक बुटकं, चौकोनी यंत्र आता शहरोशहरी दिसतं. कागदोपत्री तो स्किड स्टीअर लोडर. साइटवर मात्र कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला बॉबकॅटच म्हणतात. पुढची चाकं वळवायची सोय त्याला नाही. एका बाजूची चाकं पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवून तो जागच्या जागी गिरकी घेतो. ही गिरकी पाहायला लोक उभे राहतात. आत बसलेल्या माणसाच्या कानावर काय आदळत असतं, हे बाहेरून कळत नाही.

या यंत्राचा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या गावी झाला. सिरिल आणि लुईस केलर या भावांचं तिथे वेल्डिंग-दुरुस्तीचं दुकान होतं. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला गोठ्याच्या वरच्या मजल्यावरची घाण काढायला हलकं, अरुंद जागेत वळणारं यंत्र हवं होतं. १९५७ साली केलर बंधूंनी त्याला तीन चाकी लोडर बनवून दिला. पुढच्याच वर्षी नॉर्थ डाकोटातल्या ग्विनर गावची मेलरो कंपनी त्यात उतरली, १९६० मध्ये चार चाकांचं एम-४०० आलं आणि पुढे बॉबकॅट हे नाव पडलं. या पहिल्या यंत्रांना केबिन नव्हतं. चालवणारा उघड्यावर बसे, इंजिनाचा आवाज चारी दिशांना पांगून जाई. मग यंत्र उलटलं किंवा वरून काही पडलं तर माणूस वाचावा म्हणून पोलादी पिंजरा आला. थंडीपावसासाठी त्या पिंजऱ्याला काचा आणि दार लागलं. संरक्षण वाढलं, पण त्याबरोबर माणूस एका पत्र्याच्या पेटीत बंद झाला.

त्या पेटीभोवती काय काय आहे ते पाहा. पाठीमागे हातभर अंतरावर डिझेल इंजिन. आसनाच्या मागे आणि खाली हायड्रॉलिक पंप. दोन्ही खांद्यांच्या बाजूने वरखाली होणारे बाहू. मोठ्या एक्स्कॅव्हेटरमध्ये इंजिन मागे, वजनाच्या बाजूला असतं आणि ऑपरेटर पुढे. इथे अंतर ठेवायला जागाच नाही. यंत्र लहान म्हणून आवाजही लहान असेल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. आवाजाच्या बाबतीत अंतर हा सर्वांत स्वस्त उपाय असतो, आणि छोट्या यंत्राला तोच परवडत नाही.

आवाज आत येतो दोन वाटांनी. एक हवेतून, फटींमधून. दुसरी लोखंडातून: इंजिनाची थरथर चेसिसमध्ये, चेसिसमधून केबिनच्या पत्र्यात, आणि मग पत्राच स्पीकरसारखा वाजू लागतो. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ६० स्फोट होतात. म्हणजे मूळ सूर ६० हर्ट्झचा, त्याच्या दुपटीचा १२० चा. दीड मीटरच्या आसपास लांबी असलेल्या बंद पेटीतली हवा स्वतःच ११५ हर्ट्झच्या आगेमागे घुमते. हे दोन आकडे जवळ आले की ठरावीक फेऱ्यांवर छातीत घुमणारा हुंकार सुरू होतो आणि थोडा थ्रॉटल हलवला की जातो. नऊ पिस्टनचा पंप इंजिनाच्याच वेगाने फिरत असेल, तर त्याची किणकिण ३६० हर्ट्झवर. ती सहसा हवेतून कमी आणि चेसिसला करकचून आवळलेल्या पाइपांमधून जास्त येते. पाइपाच्या क्लॅम्पखाली रबर असणं किती महत्त्वाचं, हे इथे कळतं.

थरथर अडवण्याचं काम केबिनखालच्या रबरी माउंटिंगचं. त्याचं गणित कडक आहे. माउंटिंगवर बसलेल्या केबिनची स्वतःची कंपनसंख्या इंजिनाच्या कंपनसंख्येच्या साधारण सत्तर टक्क्यांहून कमी असेल, तरच थरथर घटायला सुरुवात होते. त्याच्या वर असेल तर रबर उलट ती वाढवतं. आयडलिंगला १,००० फेरे धरले तर वरच्या इंजिनाचे स्फोट सेकंदाला २५. चांगलं अडवायचं तर केबिनची कंपनसंख्या आठ हर्ट्झच्या आसपास हवी, म्हणजे केबिनच्या वजनाने रबर सुमारे चार मिलिमीटर दबलं पाहिजे. उन्हाने आणि तेलाने दगड झालेलं रबर दबत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच यंत्रांचं केबिन दुरुस्तीसाठी मागे कलतं. काम झाल्यावर पुढचे नट नीट आवळले नाहीत, की सगळी पेटीच हलू लागते आणि दोष काचांच्या माथी बसतो.

काचांचीही बाजू आहे. बाजूची सरकती काच चॅनेलमध्ये मखमली पट्टीवर चालते. पट्टी झिजली, त्यात डबराची धूळ बसली, की काच आणि चॅनेल यांच्यात मिलिमीटरभर मोकळीक पडते आणि खडखड सुरू होते. दाराची खिट्टी सैल झाली, तरी तेच. मिनी एक्स्कॅव्हेटरची पुढची काच रुळांवर वर सरकून छताखाली जाते, तिथे कोपऱ्यातले रोलर आणि कड्या झिजतात. पॉलिकार्बोनेटची खिडकी असेल तर आणखी एक अडचण: ते उष्णतेने काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, म्हणून त्याला चौकटीत जागा ठेवावीच लागते. ती जागा मऊ रबराने भरलेली नसेल, तर सकाळी थंड असताना ते वाजतं आणि दुपारी अडकतं.

या खडखडीबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समजा केबिनमध्ये इंजिनाचे ८८ डेसिबल, हायड्रॉलिकचे ८५ आणि खिडकीचे ८० आहेत. बेरीज होते सुमारे ९०.२. खिडकी पूर्ण गप्प केली, तरी मीटर ८९.८ दाखवेल. मीटरच्या लेखी काही घडलंच नाही. पण दिवसभर आत बसणारा माणूस सांगेल, की जिवाला आराम पडला. इंजिनाच्या एकसुरी आवाजाची मनाला सवय होते. अनियमित, टोकदार खडखडीची होत नाही. उलट कान वाचवायचे असतील, तर आधी ८८ वाल्याच्या मागे लागलं पाहिजे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबलची आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० ची मर्यादा आहे. सततच्या गोंगाटाने कान आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास बधिरतो. बोलण्यातली व्यंजनं तिथेच जवळपास असतात. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, आणि घरचे म्हणतात की हा लक्षच देत नाही.

बाजारात सगळ्यात जास्त विकला जातो तो फोम, आणि त्याच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात. इंचभर जाडीचा फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचे सूर शोषतो. १२० हर्ट्झच्या लाटेची लांबी तीन मीटरच्या जवळ असते; तिला तो दिसतही नाही. पत्र्याचं वाजणं थांबवायला डॅम्पिंग शीट हवी. वाजत्या ताटावर तळवा ठेवला की ते गप्प होतं, तेच काम ही चिकट ब्युटाइलची शीट करते. आवाज अडवायला वजन लागतं: पायाखाली जड रबरी मॅट, तिच्याखाली मऊ थर. पैसे थोडेच असतील तर मी ते छताऐवजी या मॅटवर आणि आसनामागच्या पत्र्यावर घालीन. इंजिनाच्या बाजूला उघडा फोम मात्र लावू नये. तो डिझेल आणि तेल पितो आणि पेट घेतो.

आणि फटी. भिंतीची एक टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही जाड असो, अडवणूक २० डेसिबलपलीकडे जात नाही. लिव्हरचे फाटलेले बूट, पेडलची भोकं, ग्रोमेट निसटलेली वायरिंग, दाराचं चपटं झालेलं बीडिंग, सगळं इथे मोजलं जातं. तपासायची रीत सोपी आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी सहज ओढून निघाली, की तिथे रबर टेकत नाही. खडखड शोधायला यंत्र उभं करून, बाहू खाली ठेवून, फेरे हळूहळू वाढवायचे आणि काचेवर, खिट्टीवर, चौकटीवर आतून हात दाबत जायचं. हात ठेवल्यावर जिथे थांबेल, तिथे दोष.

तीन गोष्टी करू नयेत. पिंजऱ्याच्या खांबांना ड्रिल किंवा वेल्डिंग करू नये. उलटल्यावर जीव वाचवण्याची त्याची खात्री तिथेच संपते. आणि संकटकाळी बाहेर पडायची खिडकी सीलंटने चिकटवून टाकू नये. बाजूची जाळी वाजते म्हणून काढून ठेवणं तर सर्वांत घातक. त्या जाळीच्या पलीकडून बाहू कात्रीसारखे जातात.

आपल्याकडे खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा आयएसओ ६३९६ नुसार दारं-खिडक्या बंद ठेवून मोजलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात एसी नसलेलं केबिन बंद करून कोण बसेल? दार उघडं राहतं आणि सगळं रबर, सगळा फोम वाया जातो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या कामातून आलेल्या एआयएस-१६० या मानकाने बांधकाम यंत्रांच्या सुरक्षेचे नियम घातले आहेत, ते हवेच होते. पण माझ्या मते आवाज कमी करण्याची पहिली खरेदी म्हणजे चालणारा एसी. त्याचा दुसरा फायदा फुप्फुसांना होतो. बंद केबिनमध्ये फिल्टरमधून हवा भरून आतला दाब किमान ५० पास्कल जास्त ठेवला, की काँक्रीट फोडताना उडणारी सिलिकाची धूळ आत शिरत नाही. जे बीडिंग आवाज अडवतं, तेच हा दाबही धरून ठेवतं.

यंत्र तासाच्या भाड्याने चालतं. मालक वेगळा, ठेकेदार वेगळा, आत बसणारा तिसराच. बकेटचे दात झिजले तर काम अडतं, म्हणून ते लगेच बदलले जातात. बीडिंग झिजलं तर काम चालू राहतं, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. रोजच्या ग्रीसिंगच्या आणि तेलपाण्याच्या तक्त्यात दाराचं रबर, केबिनची माउंटिंग आणि खिडकीची पट्टी या तीन ओळी वाढवल्या, आणि त्यांच्यापुढे सही करायचा हक्क ऑपरेटरला दिला, तर हा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हा वाद निदान कागदावर तरी येईल.