नक्कल, नाव आणि संदर्भ

आदर्श नगर जयपुरात आहे, तसेच ते दिल्लीतही आहे. पाकिटावर केवळ ‘आदर्श नगर’ एवढेच लिहिले, तर ते कोठे पोहोचेल याचा भरवसा देता येत नाही. संगणकावरील नोंदी सांभाळणाऱ्या कार्यक्रमांतही नावावर विसंबल्यामुळे असाच घोटाळा होऊ शकतो.

जयपूरच्या आदर्श नगरातील एखाद्या औषधविक्रेत्याची कल्पना करावी. १९९२ साली प्रथम बाजारात आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस’मध्ये तो आपला हिशेब ठेवतो. एका फॉर्मवर गिऱ्हाइकाची माहिती असते. तेथील बटण दाबले की बिलाचा दुसरा फॉर्म उघडतो. आपल्याला कोणत्या फॉर्मने बोलाविले, हे या दुसऱ्या फॉर्मला कळावे कसे?

पहिला मार्ग नकलेचा. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि बाकी उतरवून दुसऱ्या फॉर्मकडे दिली, तर तेथे केलेली दुरुस्ती मूळ फॉर्मवर उमटत नाही. दुसरा मार्ग नावाचा. फॉर्म उघडण्याच्या आज्ञेबरोबर ‘ओपनआर्ग्ज’ या वाटेने मजकूर धाडता येतो. त्यात पहिल्या फॉर्मचे नाव लिहावे आणि दुसऱ्याने उघड्या फॉर्मांतून ते शोधून काढावे. फॉर्म एकच उघडा असेतो हे निभते. परंतु दोन गिऱ्हाइकांसाठी त्याच फॉर्मच्या दोन प्रती उघडल्या असतील, तर दोहोंचे नाव एकच असते आणि रामरावांची उधारी शामरावांच्या खाती पडण्याचा धोका उद्भवतो.

तिसरा मार्ग संदर्भाचा. दुसऱ्या फॉर्ममध्ये बाहेरून भरता येईल असा एक गुणधर्म ठेवावा. पहिल्याने तो फॉर्म उघडून ‘सेट’ या आज्ञेने स्वतःचा संदर्भ त्यात ठेवावा. संदर्भ म्हणजे फॉर्म नव्हे, फॉर्मची प्रतही नव्हे. नेमक्या त्याच फॉर्मवर ठेवलेले ते बोट होय. त्यामुळे दुरुस्ती होते ती मुळावरच.

मात्र येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. दुसरा फॉर्म ‘डायलॉग’ म्हणून उघडला, तर तो मिटेपर्यंत पहिल्याच्या पुढील आज्ञा थांबून राहतात. मग संदर्भ पोहोचतो तो वेळ टळल्यावर. म्हणून फॉर्म साध्या रीतीने उघडून आधी संदर्भ द्यावा. दुसरे पथ्य आयुष्याचे. ‘न्यू’ या शब्दाने निर्माण केलेली फॉर्मची प्रत कोणीतरी तिचा संदर्भ धरून आहे तोवरच जगते. तो संदर्भ एखाद्या तात्पुरत्या चलात ठेवला, तर त्या चलाची आज्ञावली संपताच खिडकीही नाहीशी होते. तो टिकाऊ जागी सांभाळावा. उलट, ज्याने बोलाविले तो फॉर्म मिटला, तर त्याचा जुना संदर्भ वापरण्याचा प्रयत्न चुकीचा इशारा देऊन थांबतो. यासाठी मिटणाऱ्या फॉर्मने जाण्यापूर्वी आपला संदर्भ रिकामा करवून घ्यावा.